धुकं दाखवणारं कार्ड

"धुकं कसं दिसतंय ते दाखवा," आण्णा म्हणाले.

वसीमभाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. राजारामपुरीतल्या त्या अरुंद दुकानात ते बारा वर्षं कंप्युटर जोडून देत होते. गेम खेळणाऱ्यांची गिऱ्हाइकी त्यांना नवीन नव्हती. सेकंदाला किती फ्रेम निघतात, पंखे किती आवाज करतात, रंगीत दिवे लागतात का, हे सगळं रोज कुणी ना कुणी विचारायचं. पण पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेला साठीचा माणूस ग्राफिक्स कार्ड घ्यायला येतो आणि धुक्याची चौकशी करतो, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"धुकं म्हणजे काका, गेममधलं?"

"व्हय. घाटातलं. गाडी चालवायचा गेम आहे. त्यात धुकं आमच्या कंप्युटरवर नीट येत न्हाई. राखुंडी फासल्यागत दिसतंय."

"बजेट?"

"दहा-बारा हजार," मी म्हणाले.

वसीमभाईंनी स्टूल पुढं सरकवलं. "बघा काका, सोपं सांगतो. कंप्युटरच्या पोटात चित्रं काढणारा एक कामगार असतोय. तुमच्याकडं आत्ता जो आहे तो मदरबोर्डबरोबर फुकट आलेला. त्याच्याच्यानं एवढंच होणार. पगार वाढवला की कामगार बरा मिळतोय. दहा-बारात माझ्याकडं दोघं आहेत."

त्यांनी मागच्या फळीवरून दोन खोकी काढली.

"हे नवं कोरं. लहान आहे, एका पंख्याचं. तीन वर्षांची वॉरंटी. तुमच्या आहे त्या पॉवर सप्लायवर चालतंय, वेगळी वायर नको. आणि हे दोन पंख्यांचं, वापरलेलं. बिटकॉइन काढणाऱ्यांनी धंदा बसल्यावर बाजारात ओतलेला माल आहे हा, खोटं कशाला बोलू? पण मी स्वतः उघडून साफ केलंय. ताकद दुप्पट. पॉवर सप्लाय तेवढा बदलावा लागंल. सगळं धरून किंमत सारखीच."

"दोन्ही लावून दाखवाल?" आण्णांनी विचारलं.

"दाखवतो की. गेम आहे माझ्याकडं."

आण्णांनी सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला. रुमालाच्या घडीत एक पेन ड्राइव्ह होता. "ह्यात आंबा घाट आहे," ते म्हणाले. "त्यो टाकून दाखवा."

ही सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि घरी बसून इंजिनिअर लोकांचे नकाशे कंप्युटरवर काढून द्यायची. तो कंप्युटर माझा. माझे वडील भूपाल चौगुले, आमचे आण्णा, एके काळी भाजीचे क्रेट घेऊन कोल्हापूरहून रत्नागिरीला पिकअप चालवायचे. बावीस वर्षं आंबा घाट केला त्यांनी. त्यानंतर लायसन स्वतः होऊन परत केलं, गाडी विकली आणि शिरोलीच्या एका वजनकाट्यावर कामाला लागले. दहा वर्षांत मोटरसायकलचं हँडलसुद्धा धरलं नव्हतं. कुठं जायचं तर चालत, नाही तर बसनं.

म्हणून त्या उन्हाळ्यात ते माझ्या कंप्युटरवर ट्रक चालवायला लागले, तेव्हा आम्हाला आधी बरं वाटलं. काट्यावरच्या कुणीतरी त्यांना मोबाइलवर त्या गेमचा व्हिडिओ दाखवला होता. "माणसाला काहीतरी विरंगुळा हवा," असं मी आईला म्हणालेसुद्धा. पहिले काही दिवस ते परदेशातल्या रुंद रस्त्यांवरून फिरले. मग एक दिवस त्यांनी मला विचारलं की आपल्याकडचे रस्ते ह्यात घालता येतात का. शोधल्यावर कळलं, येतात. कुणा हौशी माणसानं आंबा घाट वळणा-वळणासकट, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोऱ्यांच्या पांढऱ्या कठड्यांसकट, जसाच्या तसा बनवून इंटरनेटवर फुकट ठेवला होता. तो मीच उतरवून दिला.

त्यानंतर ते दुसरीकडं कुठं गेले नाहीत.

रोज संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुऊन खुर्चीत बसायचे. गेममधली वेळ सकाळी सातची लावायचे. रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्या काढून टाकायचे. रेडिओ बंद. आंबा गावातून निघायचे आणि उतार लागल्यावर चौथ्या मोरीपाशी थांबायचे. तिथून परत वर. परत आंबा गाव. परत खाली. पडद्यावरची झाडं पुठ्ठ्यासारखी, दरी म्हणजे नुसता करडा रंग, आणि त्या करड्या रंगाकडं आण्णा नाक लावून बघत बसायचे.

आई एकदा त्यांच्या पाठीमागं येऊन उभी राहिली. पडद्यावरची मोरी पाहिली आणि तिच्या हातातलं ताट लवंडलं. आण्णांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

दुकानात जायच्या दिवशी सकाळी तिनं मला जिन्यात गाठलं. "हलकंच कार्ड घे गं," ती म्हणाली. "त्यांना तिथलं काही नीट दिसायला नको. मला भ्या वाटतंय."

"कसलं भ्या?"

"मला सांगता येत न्हाई. गेल्या आठवड्यात त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडं ठेवायला दिलं. कपाट आवरलं. विम्याची कागदं कुठं आहेत ते दाखवलं. सांग, हे गेम खेळणाऱ्या माणसाचं लक्षण आहे?"

वसीमभाईंनी आधी लहान कार्ड बसवलं. टेबलाला गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी एक प्लास्टिकचं स्टिअरिंग बांधलेलं होतं, खाली पायात दोन पेडल. घरी आण्णा बोटांनी बटणं दाबत चालवायचे. इथं ते स्टुलावर बसले आणि त्यांचे हात आपोआप स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना बरोबर जागेवर गेले. मग डावा हात उजव्या खांद्याकडं गेला. पट्टा शोधत होता तो. खांद्यापाशी काही नव्हतं. हात क्षणभर तिथंच थांबला आणि परत खाली आला.

"सेटिंग कमी करावी लागतील काका, नाही तर अडकत चालंल," वसीमभाई म्हणाले. "हां. आता बघा."

धुकं आलं. दोरीवर ओली चादर टाकावी तसं, सपाट, पांढरं. वीसएक फुटांपुढं काही नाही. आण्णा सावकाश खाली उतरत गेले. चौथी मोरी अचानक अंगावर आल्यासारखी आली. तिचा कठडा दिसला तेव्हा गाडी जवळजवळ तिच्यावर होती.

"आता दुसरं," आण्णा म्हणाले.

कार्ड बदलायला, पॉवर सप्लाय जोडायला पंधरा मिनिटं गेली. बाहेर रिक्षावाले भांडत होते. मी दुकानातल्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचत होते.

दुसऱ्या कार्डावर धुकं हलत होतं. दरीतून वर येत होतं, रस्त्यावर सांडत होतं, झाडांच्या बुंध्यांना वळसा घालून जात होतं. पानांवरचं पाणीसुद्धा दिसत होतं. आण्णा उतरत राहिले. तिसरी मोरी मागं पडली. पुढचं वळण संपलं आणि तिथं वाऱ्यानं पडदा बाजूला करावा तसं धुकं फाटलं. चौथ्या मोरीचा कठडा लांबूनच दिसला. त्याच्या अलीकडं दगडांचा ढीग. पलीकडं दरी, दरीच्या तळाशी भाताची खाचरं, स्वच्छ. ज्या माणसानं हा घाट बनवला होता, तो कधीतरी पावसाळ्यात सकाळी सात वाजता तिथून गेला असणार. त्या मोरीपाशी तसंच होतं. वर कितीही दाट असलं तरी तिथं ते फाटायचं.

"नाद खुळा," वसीमभाई हळूच म्हणाले. "बघितलंसा ना काका? डोळे झाकून हे घ्या."

आण्णांनी स्टिअरिंगवरचे हात काढले, गुडघ्यावर ठेवले आणि माझ्याकडं वळले.

"त्रिशला," ते म्हणाले, "तू होतीस. ह्यातलं कुठलं धुकं खरं?"

तिथं काय झालं होतं ते आता सांगायला हवं.

मी सतरा वर्षांची होते. ऑगस्ट महिना. बारावीला होते, कॉलेजला दोन दिवस सुट्टी होती आणि मला समुद्र बघायचा होता, म्हणून आण्णांच्या गाडीतून निघाले. आंबा गावात आम्ही चहा घेतला. चौथ्या मोरीपाशी दरडीचे दगड रस्त्यावर आले होते आणि ते बाजूला करायला बांधकाम खात्याचा एक मैलकुली आला होता. शांताराम पाष्टे. घाटाखाली साखरप्याजवळ राहणारा, छत्तीस वर्षांचा. आमच्या गाडीखाली तो जागीच गेला. गाडी कठड्यावर आदळली, आण्णांचं डोकं काचेवर आपटलं. ते तीन दिवसांनी सरकारी दवाखान्यात शुद्धीवर आले, तेव्हा त्यांना आंबा गावातला चहा आठवत होता. त्यानंतरचं काही आठवत नव्हतं. पुढंही कधी आठवलं नाही.

म्हणजे जे घडलं ते सांगणारी जिवंत माणसं दोनच होती, आणि त्यातल्या एकाला आठवत नव्हतं. मी पोलिसांना सांगितलं, दाट धुकं होतं, काही दिसत नव्हतं, तो एकदम समोर आला. तेच चार वर्षांनी कोर्टात सांगितलं. आण्णा सुटले. सुटले म्हणजे कागदावर सुटले.

आणि आता ते एका स्टुलावर बसून मला विचारत होते.

"पहिलं," मी म्हणाले. "पहिलं होतं तसंच होतं. काही दिसत नव्हतं."

"नक्की?"

"हो आण्णा. किती वेळा सांगू?"

त्यांनी बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. काट्यावर ट्रक चढल्यावर आकडा स्थिर व्हायची वाट बघतात तसं.

"पहिलं द्या," ते वसीमभाईंना म्हणाले.

"ताई, समजवा की काकांना. तेवढ्याच पैशात..."

"वॉरंटी आहे ना लहानाला," मी म्हणाले. "तेच द्या."

कार्ड घरी आलं. मी स्वतः स्क्रू आवळले. मनात म्हणत होते, आता बघू देत त्यांना मनसोक्त. वीस फुटांवर भिंत. कोण काय करणार अशा धुक्यात? दहा-बारा दिवस बघतील, त्यांची खात्री पटेल, आणि एक दिवस उठून दुसऱ्या कुठल्या तरी रस्त्यानं जातील.

पहिल्या दोन दिवसांतच माझ्या लक्षात आलं की ते काहीतरी वेगळं करतायत. आधी ते मोरीपाशी थांबायचे. आता थांबत नव्हते. आता ते नुसतं वेगाच्या काट्याकडं बघत होते. खाली यायचे, ब्रेक लावायचे, परत वर जायचे. मी शेजारच्या खोलीत नकाशे छापील कागदांवर तपासत बसायची आणि भिंतीपलीकडून तो आवाज यायचा. उतरणाऱ्या गाडीची घरघर, मग ओल्या रस्त्यावर घासणारी चाकं. थोडी शांतता. परत घरघर. आईनं संध्याकाळी देवळात जाणं वाढवलं. जेवताना आण्णा नेहमीपेक्षा गोड बोलायला लागले होते. भाजीला बरी म्हणायचे. आईला म्हणाले, "तू आयुष्यभर कष्ट केलेस." आई ताट तसंच ठेवून उठली.

नवव्या दिवशी रविवार होता. सकाळी नाश्ता झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. कंप्युटर बंद होता. त्यांनी कोर्टाच्या निकालाची प्रत काढून टेबलावर ठेवली होती. ती पिवळी पडली होती आणि घडीवर फाटायला आली होती.

"बस," ते म्हणाले. "मला एक सांग. ह्या धुक्यात किती वेगानं गाडी चालवता येती?"

"मला काय कळतंय आण्णा त्यातलं."

"पंधरा. लईच झालं तर अठरा. आठ दिवस बघतोय मी. काटा विसावर गेला की माझा पाय आपसूक वर उचलतोय. मी ठरवून दाबायला गेलो तरी दाबत न्हाई. बावीस वर्षं घाट केलाय ह्या पायानं." त्यांनी निकालातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि हितं लिहिलंय बघ. चाकाच्या खुणा चाळीस फूट. तपासणाऱ्या साहेबानं वेग काढलाय, ताशी चाळीस."

मी बंद पडद्याकडं पाहिलं.

"कोर्ट म्हणालं, चाळीस म्हणजे काय फार न्हाई. आणि धुकं होतं. दोन्ही वेगवेगळं बघितलं त्यांनी. मी पण तसंच बघत आलो. एकावर एक ठेवून कधी बघितलंच न्हाई." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "डोळ्यापुढं काही दिसत न्हाई, शेजारी पोटची पोर बसलीय, आणि मी चाळीसनं गाडी हाणतोय. दारू मी कधी पिलो न्हाई. झोप माझी पुरी झालेली. मग मी असं का केलं असंल? म्हणजे काय, मला कळत होतं आणि मी केलं. ह्याला चूक म्हणत न्हाईत, त्रिशला. जाणूनबुजून मारला मी त्याला."

"अहो, काय बोलताय!" आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिचे हात पिठाचे होते.

"उद्या सकाळच्या एसटीनं जाणार आहे," आण्णा म्हणाले. "कंडक्टरला सांगून चौथ्या मोरीपाशी उतरीन. थोडा वेळ तिथं थांबीन."

"आणि मग?" आईनं विचारलं.

"मग बघू."

त्या मोरीखाली तीनशे फूट दरी आहे. आईनं माझ्याकडं पाहिलं. तिला घड्याळाचं, कपाटाचं, विम्याच्या कागदांचं कोडं त्या क्षणी सुटलं असावं. ती तिथंच चौकटीला धरून खाली बसली.

मी त्यांना वाचवण्यासाठी पहिलं धुकं निवडलं होतं. दहा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले होते की मी त्यांना वाचवलं. आणि मी निवडलेल्या त्या पांढऱ्या चादरीनं त्यांना खुनी करून खुर्चीत बसवलं होतं.

"आण्णा," मी म्हणाले, "धुकं नव्हतं."

ते हलले नाहीत.

"दुसऱ्या कार्डावर दिसलं तसं होतं. वर दाट होतं तेव्हा तुम्ही पंधरानंच आलात. तिसऱ्या मोरीनंतर सगळं मोकळं झालं, दरी दिसायला लागली, म्हणून तुम्ही वेग वाढवला. तुमचं काही चुकलं नव्हतं. मी मामानं दिलेल्या फोनवर फोटो काढला. दरीचा. आणि 'आण्णा, हे बघा, हे बघा' म्हणून तुमच्या डोळ्यांपुढं धरला. तुम्ही 'नंतर' म्हणालात. मी हात काढला नाही. मग तुम्ही बघितलं."

घरात नळाचं पाणी बादलीत पडत होतं, ते कुणी बंद करत नव्हतं.

"तुला तो दिसला होता?" आण्णांनी विचारलं.

"हो."

"फोन पुढं करायच्या आधी, का नंतर?"

"आधी."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, तुम्हाला दिसलाय."

त्यांनी निकालाची घडी घातली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर बसली. मी वाट बघत होते की ते मला मारतील, हाकलून देतील, निदान ओरडतील. आई रडत रडत म्हणाली, "पोर होती हो ती. सतरा वर्षांची."

"व्हय," आण्णा म्हणाले. "पण पुढं सत्तावीस झाली." मग उठून त्यांनी नळ बंद केला. पाठमोरेच म्हणाले, "उद्या तू पण चल. मला सांगितलंस ते तिथं सांग. पोलीस, वकील काय ते मागनं बघू. आधी त्या पाष्ट्याची बाई."

दुसऱ्या दिवशी एसटी चौथ्या मोरीवरून गेली तेव्हा मी त्यांचा सदरा मुठीत धरून बसले होते. ते उतरले नाहीत. त्यांनी खिडकीबाहेरही पाहिलं नाही.

पाष्ट्यांचं घर चिऱ्याचं, बसकं, साखरप्याच्या अलीकडं ओढ्याकाठी होतं. सुलोचना पाष्टे अंगणवाडीत मदतनीस होत्या, दुपारी परतल्या. कोर्टात पाहिलेलं असल्यामुळं त्यांनी आण्णांना लगेच ओळखलं. बसा म्हणाल्या नाहीत. आम्ही अंगणात उभे, त्या पायरीवर उभ्या. मी सगळं सांगितलं. आदल्या दिवशी आण्णांना सांगितलं होतं त्याच क्रमानं, एकही शब्द न गाळता.

"कोर्टात तू म्हणालीस, काय दिसलं न्हाय," त्या म्हणाल्या.

"खोटं बोलले."

त्या हळूहळू पायरीवर बसल्या. मला वाटलं, आता शिव्या येतील. त्या म्हणाल्या, "कसा व्हता तो?"

"म्हणजे?"

"तू बघितलंस ना त्याला? कसा व्हता त्या वख्ताला? धा वर्सं मला सगळ्यांनी धुकंच सांगितलं. पंचनाम्यात धुकं, कोर्टात धुकं. माझ्या माणसाला शेवटचा कुणी बघितलाच न्हाय, असं म्हणून मी गप बसले."

मी सांगितलं. गुडघ्यापर्यंत पिवळा प्लास्टिकचा कोट होता. फावडं कठड्याला टेकवून ठेवलेलं. हातातला दगड त्यानं दरीकडं टाकला आणि गाडीचा आवाज ऐकून वळला. डावा हात वर केला. तोंड हलत होतं, पण काचा बंद होत्या.

"सावकास म्हणाला असंल," त्या म्हणाल्या. "हर गाडीला म्हणायचा. कुणाला ऐकू जावो, न जावो." मग आण्णांकडं वळून विचारलं, "तुमी ऐकलंत?"

"न्हाई, बाई. मला त्यातलं काहीच आठवत न्हाई."

"बरं हाय तुमचं."

आण्णांनी मान खाली घातली. ओढ्याचं पाणी दगडांवरून वाजत होतं. सुलोचनाबाईंनी माझा चेहरा पुन्हा न्याहाळला, अगदी बारकाईनं, आणि मला वाटलं, आता सगळं विचारून झालं.

"त्यो फोटो," त्या म्हणाल्या. "दरीचा काढलास म्हणतेस. त्यात तो व्हता?"

हे आण्णांनीसुद्धा विचारलं नव्हतं. दहा वर्षांत मी स्वतःलाही विचारू दिलं नव्हतं.

"होता," मी म्हणाले. "मधोमध. म्हणूनच तो फोटो चांगला आला होता."

आण्णांच्या तोंडातून कसलासा आवाज निघाला. गाडी त्या माणसाकडं जात होती तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं काय होतं, ते त्यांना आत्ता कळलं.

"हाय तुझ्याकडं?"

"नाही. पोलीस यायच्या आधी मी तो पुसून टाकला."

त्या उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात चौकटीतला एक फोटो होता. ओळखपत्रावरून मोठा केलेला, इतका मोठा की नाक-डोळे विरघळून नुसते डाग उरले होते.

"हा एकच हाय," त्या म्हणाल्या. "माझा पोर बापाला ह्यावरनं ओळखतो. तो गेला तेव्हा दोन वर्सांचा व्हता पोर. मी सांगून सांगून काय सांगणार? मी तिथं नव्हते." त्यांनी चौकट माझ्या हातात दिली आणि पायरीवर माझ्यासाठी जागा केली. "बस हितं. साडेपाचला तो शाळेतनं येतो. मला सांगितलंस ते त्याला सांग. दगड कसा टाकला, हात कसा केला, समदं. आणि फोटोचं पण सांग."

"एसटी..." आण्णा म्हणाले.

"जाऊ दे एसटी," त्या म्हणाल्या.

आण्णा अंगणातल्या दगडावर बसले. मी ती चौकट मांडीवर घेऊन फाटकाकडं बघत राहिले. वरच्या घाटातून उतरणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता, एकामागून एक. प्रत्येक गाडीला बाई मान वर करून ऐकत होत्या. मी मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं.

मग फाटकाची कडी वाजली.